वादीच जेथें न्यायाधीश होतो

चित्रपट आणि गुन्हेगारी यांचा वाद निघाला कीं आमच्याकडे दोन ठराविक पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, पडद्यावर दरोडा दाखविला कीं गल्लींतलीं पोरें दरोडेखोर होतात. दुसरा म्हणतो, कलेस कसलेंच बंधन नको. हे दोन्ही पक्ष आपापल्या जागीं इतके संतुष्ट असतात कीं, तिसरा आणि खरा प्रश्न विचारण्यास कोणासच सवड होत नाहीं. तो प्रश्न असा कीं, एखादा खेळ लोकांनीं पाहावा कीं पाहूं नये हें ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हातीं असावा? आणि त्या खेळांत ज्याची नाचक्की झाली आहे त्याच्याच हातीं तो असला, तर त्याच्या हुकमास न्याय हें नांव शोभेल काय? स्वतःच्या दाव्यांत कोणीहि न्यायाधीश होऊं नये, हें तत्त्व कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासहि तोंडपाठ असतें. परंतु चित्रपटांच्या बाबतींत तें जन्मापासूनच पायाखालीं तुडविलें गेलें. तें कसें, हें समजण्यास ऑस्ट्रेलियांतील एका मूकपटाची हकीकत फार उपयोगी आहे. म्हणून ती आम्ही आज वाचकांपुढें थोडी सविस्तर मांडतों.

'दि स्टोरी ऑफ दि केली गँग' हा मूकपट २६ डिसेंबर १९०६ रोजीं मेलबर्न शहरांतील अ‍ॅथिनियम हॉलमध्यें प्रथम दाखविण्यांत आला. त्या काळीं चित्रपट म्हणजे बहुधा दहा-पंधरा मिनिटांची गंमत असे. हा खेळ तासाभराहून अधिक चालला. फीत सुमारें ४,००० फूट लांब होती. पूर्ण लांबीचा जगांतील पहिला कथापट असा मान त्यास आतां देण्यांत येतो, आणि २००७ सालीं युनेस्कोनें आपल्या जागतिक स्मृतींच्या नोंदवहींत त्याचें नांव दाखल केलें. तो काढला टेट बंधु या नाटक-जलशांच्या ठेकेदारांनीं आणि जॉन्सन व गिब्सन या दोघां रसायनव्यावसायिकांनीं. दिग्दर्शन चार्ल्स टेट याचें. हायडेलबर्गजवळच्या चार्टरिसव्हिल नांवाच्या मळ्यांत बरेंचसें चित्रण झालें, आणि आगगाडीच्या प्रवेशासाठीं व्हिक्टोरिया रेल्वेनें गाडी दिली. खर्चाचा आंकडा कोणी ४०० पौंड सांगतात, कोणी १,०००. उत्पन्न मात्र २५,००० पौंड झालें अशी त्या धंद्यांतील परंपरागत समजूत आहे. आमच्या व्यापारी वाचकांस या प्रमाणाचा अर्थ निराळा सांगावयास नको.

पडदा मुका असला तरी खेळ मुका नव्हता. एक निवेदक बाजूस उभा राहून कथा सांगे. आंतून नारळाच्या करवंट्या आपटून घोड्यांच्या टापा वाजवीत आणि कोरीं काडतुसें उडवून गोळीबाराचा आवाज काढीत. आमच्याकडे तंबूंतल्या मूकपटाला पेटी-तबल्याची साथ असे, तोच हा प्रकार.

आतां हा केली कोण? त्याचा बाप आयर्लंडमधून काळ्या पाण्यावर धाडलेला कैदी. कुटुंब गरीब, जमीन थोडी. बड्या मेंढपाळ जमीनदारांशीं आणि त्यांची पाठ राखणाऱ्या पोलिसांशीं नित्याचा तंटा. एप्रिल १८७८ मध्यें फिट्झपॅट्रिक नांवाचा एक शिपाई नेड केलीच्या धाकट्या भावास पकडावयास एकटाच त्यांच्या घरीं गेला. तेथें झटापट झाली. नेडनें आपणांवर गोळी झाडली अशी शिपायानें फिर्याद दिली, आणि त्या साक्षीवर नेडच्या आईस, अंगावर पितें मूल असतां, तीन वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा देणारे न्यायाधीश सर रेडमंड बॅरी. हेच गृहस्थ पुढें नेडला फांशीची शिक्षा सांगण्यास बसले. आणि ज्याच्या शब्दावर एवढें रामायण घडलें तो शिपाई? त्यास १८८० सालीं पोलीसखात्यांतून काढून टाकण्यांत आलें.

येथें आम्हांस एक गोष्ट निःसंदिग्धपणें सांगितली पाहिजे. २६ ऑक्टोबर १८७८ रोजीं स्ट्रिंगीबार्क क्रीक येथें केलीच्या टोळीनें तीन पोलिसांस ठार मारलें, आणि तेहि कोणाचे पुत्र, पति व पिते होते. आईवर झालेला अन्याय कितीहि मोठा असला तरी त्यानें हे खून धुऊन निघत नाहींत. त्यानंतर विधिमंडळानें खास कायदा करून टोळीस कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकलें. टोळीनें युरोआ आणि जेरिल्डेरी या गांवांच्या बँका लुटल्या. जेरिल्डेरीस तर त्यांनीं पोलिसांस त्यांच्याच कोठडींत कोंडलें, त्यांचेच गणवेष अंगावर चढविले आणि गांवभर मिरविले! त्याच वेळीं आपली बाजू मांडणारें सुमारें ८,००० शब्दांचें एक पत्र केलीनें छापण्यासाठीं आणलें होतें. तें समग्र छापलें जाण्यास १९३० साल उजाडावें लागलें. फिर्यादी पक्षाची हकीकत तत्काळ छापून येते आणि आरोपीची पन्नास वर्षांनीं, हा आमच्या वृत्तपत्री धंद्याचा महिमा आम्ही मुद्दाम नमूद करून ठेवतों. शेवटीं २८ जून १८८० रोजीं ग्लेनरोवन येथें वेढा पडला. नांगराच्या पत्र्यांचें चिलखत घालून नेड लढला, पायांत गोळ्या लागून पडला, आणि ११ नोव्हेंबर १८८० रोजीं मेलबर्नच्या तुरुंगांत त्यास फांशी देण्यांत आलें.

या प्रकरणांत पोलिसांची अब्रू चित्रपटवाल्यांनीं घेतली नाहीं. ती आधींच गेली होती. १८८१ सालीं सरकारनेंच नेमलेल्या रॉयल कमिशननें पोलीसखात्याची चौकशी करून वरिष्ठ अंमलदारांवर कडक ताशेरे ओढले होते. म्हणजे पोलिसांचा भित्रेपणा, त्यांची अनास्था, त्यांचा ढिसाळ कारभार हीं सर्व सरकारी दप्तरांत छापलेलीं होतीं. टेट बंधूंनीं केलें तें इतकेंच कीं, जें दप्तरांत होतें तें पडद्यावर आणलें. चित्रपटाचा पहिलाच प्रवेश शिपाई फिट्झपॅट्रिकाचा. नेडची बहीण केट हिच्याशीं तो लगट करतो, ती त्यास झिडकारते, आणि त्या भांडणांतून सारें पुढचें घडतें. कोणा पोलीस अंमलदारास हें रुचलें नसेल यांत नवल नाहीं.

एप्रिल १९०७ मध्यें व्हिक्टोरियाच्या मुख्य सचिवानें, म्हणजे तेथील गृहखात्याच्या मंत्र्यानें, बेनाल्ला आणि वांगारॅट्टा या दोन गांवीं हा खेळ दाखविण्यास मनाई केली. हीं दोन्ही गांवें केलीच्या मुलखांतलीं. न्यायबुद्धीनें पाहतां या पहिल्या हुकमास कांहीं आधार होता असें आम्ही म्हणूं. ग्लेनरोवनचा वेढा होऊन पुरीं सत्तावीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. नेडची म्हातारी आई जिवंत होती. ती १९२३ पर्यंत जगली. मेलेल्या पोलिसांचे नातलगहि होतेच. एकाच चौकांत ज्या दोन घरांचें वैर अजून शमलेलें नाहीं, तेथें तो तमाशा उभा करूं नये असें कोणा जबाबदार मंत्र्यास वाटलें तर आम्ही त्यास एकदम जुलमी म्हणणार नाहीं. बॅलरॅट गांवीं कांहीं मुलांनीं खेळ पाहून चोरी केली आणि शाळकरी पोरांस पिस्तूल दाखवून अडविलें अशीहि बातमी त्या वर्षीं पसरली होती. तिनें बंदीवाल्यांच्या हातीं आयतें कोलीत दिलें.

परंतु दोन गांवांपुरती तात्पुरती मनाई वेगळी आणि सबंध देशांतून एक विषयच हद्दपार करणें वेगळें. केलीपटाच्या यशामुळें ऑस्ट्रेलियांत अशा रानदरोडेखोरांच्या चित्रपटांची लाटच उसळली. १९१० सालीं जॉन गॅव्हिन याचा 'थंडरबोल्ट' आला, त्यामागून आणखी आले. १९११ हें वर्ष तर त्या देशाच्या चित्रपटधंद्याचें अत्यंत भरभराटीचें वर्ष समजलें जातें. त्याच वर्षीं दक्षिण ऑस्ट्रेलियानें आणि १९१२ सालीं न्यू साऊथ वेल्स व व्हिक्टोरिया यांनीं असे चित्रपट दाखविण्यावर बंदी घातली. न्यू साऊथ वेल्समध्यें हा निर्णय पोलीसखात्याचा होता. कारणें दोन देण्यांत आलीं: गुन्ह्याचें उदात्तीकरण होतें, आणि कायद्याच्या रक्षकांची थट्टा होते. पहिलें कारण सदाचाराचें, दुसरें पोलिसांच्या स्वतःच्या इभ्रतीचें. फिर्याद पोलिसांची, साक्ष पोलिसांची आणि निकालहि पोलिसांचा! बंदीचें हत्यार कोणतें तर नाट्यगृहांच्या परवान्यांवरील सत्ता. सभागृहांतील दारें-जिने सुरक्षित आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं सरकारच्या हातीं दिलेली ही सत्ता पडद्यावर काय दिसावें हें ठरविण्यासाठीं वापरण्यांत आली. ज्या थिएटरवाल्याचें पोट परवान्यावर आहे तो कोर्टांत जाऊन परवाना देणाऱ्याशीं भांडत बसेल काय?

या बंदीचें फळ काय झालें तें पाहा. चित्रपटांतून दरोडे नाहींसे झाले नाहींत. ते परदेशी झाले. ऑस्ट्रेलियन घोडेस्वारानें बँक लुटली तर समाज बिघडतो, पण अमेरिकन घोडेस्वारानें आगगाडी लुटली तर तो निर्दोष करमणुकीचा विषय होतो, असें हें तर्कशास्त्र. अमेरिकेंतून येणारे गुराखी-दरोडेखोरांचे खेळ त्याच पडद्यांवर चालत राहिले आणि देशी धंद्याचा सर्वांत खपाऊ माल मात्र जप्त झाला. १९२३ सालीं केलीवरच काढलेल्या 'व्हेन दि केलीज वेअर आऊट' या चित्रपटासहि न्यू साऊथ वेल्समध्यें बंदीच पदरीं आली. तेथील धंदा केवळ या बंदीनें बुडाला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. १९१३ च्या सुमारास चित्रपटगृहांच्या मोठ्या मालकांनीं एकी करून परदेशी मालालाच पडदा देण्याचें जें धोरण धरलें, त्याचाहि त्यांत मोठा वाटा आहे. पण दुकानांत गिऱ्हाईक असतां दुकानदाराचा मालच सरकारनें काढून नेला, तर शेजारचा परदेशी दुकानदार गबर होणार हें सांगावयास अर्थशास्त्र्याची गरज नाहीं.

हा रोग एकट्या ऑस्ट्रेलियाचा नव्हता. अमेरिकेंत शिकागो शहराच्या नगरसभेनें १९०७ सालीं ठराव केला कीं, पोलीसप्रमुखाच्या परवान्याशिवाय कोणताहि चित्रपट दाखवूं नये. त्या अधिकारानें पोलीसप्रमुखानें 'दि जेम्स बॉइज इन मिसूरी' आणि 'नाइट रायडर्स' या दोन मूकपटांस परवाना नाकारला. जेसी जेम्स म्हणजे अमेरिकेचा केलीच. ब्लॉक नांवाचा थिएटरवाला व त्याचे सहकारी कोर्टांत गेले, आणि १९०९ सालीं इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. चित्रपटांतील प्रसंग देशाच्या इतिहासाशीं संबद्ध आहेत हें न्यायमूर्ति कार्टराइट यांनीं नाकारलें नाहीं. तरी खून-जाळपोळ दाखविणारे खेळ अनीतिकारकच होत असा त्यांचा अभिप्राय. त्यांच्या निकालांतील एक मुद्दा मात्र वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. हे खेळ पांच-दहा सेंटांत पाहावयास मिळतात, म्हणून तेथें मुलें आणि खालच्या वर्गांतील लोक येतात, सबब नियंत्रण अवश्य आहे! तोच खून डॉलरच्या तिकिटांत नाटकगृहांत पाहिला तर ती कला, आणि मजुरानें पांच सेंटांत पाहिला तर गुन्ह्याची शिकवणी. सेन्सॉरशिपच्या मुळाशीं गुन्ह्याची भीति जितकी असते तितकीच गरीब प्रेक्षकाविषयींची तुच्छताहि असते, हें आमचें मत या निकालानें दृढ झालें आहे.

आतां आमच्या घराकडे वळूं, कारण हीच किल्ली पुढें मुंबईसहि आली. १९१८ चा चित्रपटांचा कायदा इंग्रज सरकारनें केला आणि १९२० सालीं मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथें सेन्सॉर मंडळें बसविलीं. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष कोण? मुंबईचे पोलीस कमिशनर! इतक्यावरहि समाधान न होऊन, मंडळानें मंजूर केलेला चित्रपटहि जिल्हा मॅजिस्ट्रेटानें किंवा शहराच्या पोलीस कमिशनरानें आपल्या हद्दींत स्थगित करावा अशी तरतूद कायद्यांतच होती. १९२१ सालीं कोहिनूर कंपनीचा 'भक्त विदुर' आला. विदुराच्या अंगावर खादी आणि डोक्यावर पांढरी टोपी पाहून सरकारास महाभारताऐवजीं महात्मा गांधी दिसले, आणि कराची व मद्रास येथें त्यावर बंदी आली. पुढें प्रभात कंपनीच्या शिवचरित्रावरील मूकपटाचें 'स्वराज्याचें तोरण' हें नांवहि सेन्सॉरास सोसवलें नाहीं. तो 'उदयकाळ' या नांवानें बाहेर पडला. विदुर दरोडेखोर नव्हता आणि शिवाजी महाराज तर आमचें दैवत. पण जें हत्यार केलीसाठीं परजलें होतें तेंच यांच्यावर चाललें. खुनी माणसाच्या चित्राविषयीं लोकांस सहानुभूति नसते, म्हणून सत्ता प्रथम तेथें आपला पाय रोवते. आणि एकदां पाय रोवला कीं पुढच्या पावलास ती कोणास विचारीत नाहीं.

१९२७ सालीं मद्रासचे वकील दिवाणबहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें चौकशी समिति नेमली. तिचा अहवाल १९२८ सालीं आला. सबंध देशासाठीं एकच मध्यवर्ती मंडळ असावें अशी तिची शिफारस होती. सरकारनें अहवाल छापला आणि कपाटांत ठेवून दिला.

स्वराज्य आलें, १९५२ चा कायदा आला, आणि पोलीस कमिशनर खुर्चीवरून उठले, ही सुधारणा आम्ही मान्य करतों. परंतु खेळ लोकांनीं पाहण्यापूर्वींच तो तपासण्याची पद्धत कायम राहिली. ख्वाजा अहमद अब्बास यांनीं आपल्या चार शहरांच्या माहितीपटाच्या निमित्तानें तिला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें. २४ सप्टेंबर १९७० रोजीं सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनीं पूर्वतपासणी घटनेस धरून आहे असा निकाल दिला. आम्हांस तो पूर्णपणें पटत नाहीं, पण कायदा म्हणून तो शिरसावंद्य आहे. त्या खटल्यांतील अधिक महत्त्वाची गोष्ट दुसरीच. तपासणीस वाजवी मुदत घालूं आणि सेन्सॉरच्या हुकमावर सरकारकडे नव्हे तर न्यायालयाकडे किंवा स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील ठेवूं, असें आश्वासन सरकारतर्फें भर न्यायालयांत देण्यांत आलें. सरकारच्या हुकमावर सरकारकडेच अपील, हें वादीनेंच न्यायाधीश होण्याचें सभ्य रूप होय, हें तेव्हां सरकारनेंच कबूल केल्यासारखें झालें.

तें न्यायाधिकरण प्रत्यक्षांत बसावयास १९८३ साल उजाडलें. अध्यक्ष न्यायखात्यांतील अनुभवी गृहस्थ, काम दिल्लीस चाले, आणि मोठ्या कोर्टाच्या मानानें खर्च थोडा. त्याच्या निकालांत चुका झाल्या नसतील असें नाहीं. तरी सेन्सॉरनें अडविलेल्या निर्मात्यास आपलें म्हणणें मांडण्याची ती एक जागा होती. एप्रिल २०२१ मध्यें प्रथम वटहुकमानें व मागून कायद्यानें तें बंद करण्यांत आलें. आतां अपील हायकोर्टांत.

हायकोर्टावर आमचा विश्वास आहे. तेथें जाण्याच्या वाटेवर मात्र नाहीं. ज्या बड्या कंपनीचे कोट्यवधि रुपये गुंतले आहेत ती मोठा वकील उभा करील आणि तारीख मिळवील. पण कर्ज काढून पहिला चित्रपट करणाऱ्या एखाद्या मराठी निर्मात्यानें, ज्याची थिएटरें ठरलेलीं आहेत आणि ज्याचें व्याज रोज चढत आहे, त्यानें काय करावें? तो सेन्सॉरनें सांगितलेला प्रवेश मुकाट्यानें कापील. आणि तो प्रवेश पोलीस ठाण्यांतला असला, तर पोलिसांस कोणास सांगावेंहि लागणार नाहीं.

म्हणून संसदेंतील आमच्या प्रतिनिधींस आमचें सांगणें असें कीं, बंद केलेलें न्यायाधिकरण त्यांनीं पुन्हां उभें करावें. त्याचें एक पीठ मुंबईस असावें, कारण धंदा तेथें आहे. अपिलाचा निकाल ठराविक दिवसांत लागावा. आणि ज्या खात्याचें चित्रण वादग्रस्त आहे त्या खात्याचा कोणताहि आजी-माजी नोकर त्या प्रकरणीं निकाल देण्यास बसूं नये. १९७० सालीं न्यायालयास दिलेलें वचन सरकारनें मोडलें आहे काय, हा प्रश्न त्यांनीं येत्या अधिवेशनांत लेखी विचारावा.